लातूरच्या दवाखान्यातला समुद्र

"चूक आमचीच हाय, साहेब. बहिणीच्या हातनं डोस जास्ती पडला असंल. एवढ्या वेळेस सांभाळून घ्या."

हे वाक्य माझा मोठा भाऊ लातूरच्या एका बालरुग्णालयाच्या प्रतीक्षालयात, माझ्या शेजारी उभा राहून बोलला, आणि बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या हातात परीक्षानळी होती. तिच्यातल्या पाण्याचा रंग जसा हवा तसा होता. डोस जास्त पडला असता तर तो तसा राहिलाच नसता. म्हणजे माझ्या निर्दोषपणाचा पुरावा त्या खोलीत, माझ्या दोन बोटांच्या चिमटीत, हजर होता. त्याच्याकडे बघण्याची गरज ना माझ्या भावाला वाटली, ना समोरच्या डॉक्टरांना. रागाने विचार गढूळ होतो, असं मला शाळेपासून सांगितलं गेलं आहे. माझा अनुभव उलटा आहे. त्या रविवारनंतर मी जितका स्वच्छ विचार केला, तितका त्याआधी कधी केला नव्हता.

नांदेडला आमचं मत्स्यालयांचं दुकान आहे. ते दादाने उभं केलं. काच कापणं, सिलिकॉनने सांधे भरणं, गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवणं यांत त्याचा हात धरणारं कुणी नाही. वास्तूसाठी कोणता मासा कोणत्या दिशेला ठेवावा हेही तो न अडखळता सांगतो, आणि स्वतः त्यावर काडीचाही विश्वास ठेवत नाही. मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. निकाल लागल्यावर पहिलं काम केलं ते दुकानातल्या सगळ्या टाक्यांचं पाणी तपासण्याचं. मासे का मरतात ते मी दादाला टाकीवार समजावून सांगितलं, त्याने कुरकुरत ऐकलं, आणि मासे मरायचे थांबले. तेव्हापासून पाणी माझं आणि बोलणं त्याचं, अशी कामाची वाटणी झाली. गिऱ्हाइकासमोर माझी ओळख मात्र तो एकाच वाक्यात करून देई : "ही आमची बहीण. हिला जरा पाण्यातलं कळतं."

जरा.

मला दुकान नको होतं. मला पाणी तपासणीची स्वतःची प्रयोगशाळा हवी होती. नायगाव, उमरीकडची माणसं दुकानात येत, ती माशांसाठी नव्हे. थंड पेयाच्या जुन्या बाटलीत बोअरचं पाणी भरून आणत आणि काउंटरवर ठेवून विचारत, "ताई, हे प्यावं का न्हाई, सांगा बरं." माझ्याकडे माशांच्या पाण्याचे संच होते, त्यांवर मी क्षार किती, नायट्रेट किती एवढं सांगू शके. बाकीच्यासाठी नमुना दुसऱ्या शहरात पाठवा आणि वाट बघा, असं सांगताना माझी मलाच लाज वाटे. उपकरणांची सोय मी लावत आणली होती. अडत होतं ते जागेपाशी.

ती जागा त्या डॉक्टरांनी देऊ केली. बालरोगतज्ज्ञ, हाताला गुण असलेले, लातुरात नाव असलेले. सुई टोचायच्या आधी मुलांनी रडू नये म्हणून प्रतीक्षालयात त्यांना खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय हवं होतं. गोड्या पाण्याचं नको, खराखुरा समुद्र हवा. दादाने टाकी बांधली, मी पाणी बांधलं. पहिले केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाऊनफिश सोडले त्या दिवशी डॉक्टर खूश होऊन म्हणाले, "ताई, वर्षभर हा समुद्र जिवंत ठेवून दाखवा. खाली औषधाच्या दुकानाशेजारची खोली तुमच्या लॅबसाठी दिली समजा. लोकांना दाखवायला याहून मोठं सर्टिफिकेट कशाला पाहिजे?"

मला तो सौदा न्याय्य वाटला. मी समुद्र जिवंत ठेवायला लागले.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना वाटतं, पाण्यात मीठ टाकलं की समुद्र झाला. समुद्र म्हणजे मीठ नव्हे. समुद्र म्हणजे समतोल. लातूरच्या बोअरचं पाणी भांड्यांवर पांढरा थर चढवतं, म्हणून ते बाद. आधी पाणी फिल्टरमधून काढून जवळजवळ कोरं करायचं, मग त्यात सागरी क्षारांचं मिश्रण मोजून विरघळवायचं. त्यानंतर खरं काम सुरू होतं. समुद्रातले जीव आपली कवचं, आपले सांगाडे बांधायला पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतात. ते भरून द्यावं लागतं, पण दोन्ही एकदम भरून दिलं तर ती एकमेकांशी संयोग पावतात आणि चुन्यासारखी तळाला बसतात. जिवांच्या वाट्याला काहीच येत नाही. मध्ये मॅग्नेशियम पुरेसं असेल तरच हे टळतं. म्हणून प्रत्येक वेळी तिन्ही मोजायची, आणि ज्याची कमतरता असेल ते थेंबाथेंबाने, फिरत्या प्रवाहात सोडायचं. घाईला इथे जागा नाही. मी दर रविवारी दादाबरोबर गाडीने लातूरला जाई, टाकीसमोर गुडघ्यावर बसे आणि नळीमागे पांढरा कागद धरून रंग वाचे. टाकीतलं थोडं पाणी दर वेळी पालटायचं, त्यासाठीचं खारं पाणी आम्ही नांदेडहून तयार करून नेत असू.

प्रतीक्षालयातल्या माणसांना या सगळ्याची गंमत वाटे.

"लातूरला टँकर आला की आम्ही घागरी घेऊन पळायलोत, अन् हित्तं माशाला फिल्टरचं पाणी!" एकदा एक आजोबा मांडीवरच्या नातवाला थोपटत म्हणाले.

शेजारची बाई लगेच म्हणाली, "पुढच्या जन्मी मासा व्हा की मग."

"व्हतो. पण डॉक्टरच्याच टाकीतला व्हईन, मनून सांगून ठेवा."

मीही हसले होते. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

रोजची एक गोष्ट मात्र आम्ही नसतानाच व्हायला हवी होती, ती म्हणजे भर. लातूरच्या उन्हात टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं. उडतं ते फक्त पाणी. मीठ मागे राहतं. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारं नव्हे, कोरं पाणी घालायचं. त्यासाठी मी मागच्या खोलीत एक निळा प्लास्टिकचा कॅन ठेवला होता, खाली तोटी असलेला. दवाखान्याच्या फिल्टरचं पाणी त्यात भरायचं आणि काचेवर मी मारलेल्या रेघेपर्यंत रोज सकाळी टाकीत ओतायचं. हे काम दवाखान्याची साफसफाई बघणाऱ्या मावशींकडे होतं. मावशी मनाने चोख. रेघ कधी चुकली नाही.

वर्ष सरत आलं होतं आणि उन्हाळा चढला होता. तेव्हा गोगलगायी मेल्या.

काचेवर चिकटून शेवाळ खाणाऱ्या त्या गोगलगायी एकेक करून सुटल्या आणि वाळूवर उताण्या पडल्या. पुढच्या रविवारी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची कोळंबी दिसली नाही; खडकामागे तिचं नुसतं पारदर्शक कवच सापडलं. त्यानंतर समुद्रफूल. फुलासारखा दिसणारा तो प्राणी आहे. त्याच्या हलत्या बोटांत क्लाऊनफिश घर करतात, आणि मुलं टाकीवर नाक टेकवत ती त्याच जागी. ते आक्रसलं, फिकुटलं, त्याचं तोंड उघडं पडलं. मासे मात्र ठणठणीत होते. जिथे आपलं घर होतं त्या लिबलिबीत गोळ्याभोवती दोघे घिरट्या घालत होते.

मी सगळं मोजलं. खारटपणा बरोबर. आम्लता बरोबर. अमोनिया नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, कार्बोनेट, तिन्ही जागच्या जागी. कॅनच्या तोटीतून भरीचं पाणी काढून तपासलं, कोरं. सगळं ठीक असताना मासे जगतात आणि बिनकण्याचे जीव मरतात, याचा अर्थ रसायनशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला सुचायला हवा. मला तो तिथेच सुचला. तांबं. माशांच्या रोगावर औषध म्हणून चालणारं तांबं कोळंबीला, गोगलगायीला, समुद्रफुलाला मारतं, आणि तेही अगदी थोडकं. पण तांब्याची चाचणी माझ्या पेटीत नव्हती, कारण या टाकीत तांबं यायला वाटच नव्हती. मी वाट बंद ठेवली होती.

मी मावशींना विचारलं, स्वागतकक्षातल्या मुलीला विचारलं, डॉक्टरांना विचारलं : टाकीत कुणी काही टाकलं का? नाणं? औषध? तीर्थ?

"न्हाई ताई, काहीच न्हाई टाकलं," मावशी म्हणाल्या.

"इथं तुमच्याशिवाय त्या टाकीला हात लावतंय कोण?" डॉक्टर म्हणाले. मग माझ्या पेटीतल्या बाटल्यांकडे बघून, अगदी प्रेमाने, "ताई, मला वाटतं केमिकल जरा कमी करा. निसर्गात कोण थेंब मोजत बसतंय?"

मी नळी वर धरली आणि म्हणाले, "साहेब, हे वाचून बघा. माझ्या डोसमुळे काही झालेलं नाही."

आणि तेव्हा दादा ते वाक्य बोलला.

परतीच्या वाटेवर चाकूर मागे पडलं. मग मी विचारलं, "तू का बोललास तसं?"

"काय बोललो? कबूल केलं की माणूस शांत होतोय. साहेब शांत झाला का न्हाई?"

"पण चूक झालीच नव्हती."

"तुला लई कळतं, मला माहीत हाय. पण गिऱ्हाइकाला खरंखोटं नको असतंय बाई, त्याला कुणीतरी वाकलेलं लागतंय. मी वाकलो."

"तू नाही वाकलास. तू मला वाकवलंस."

"तुझं-माझं येगळं हाय का?"

"ओळख करून देताना वेगळं असतं. तेव्हा मला जरा कळतं. चूक सांगायची वेळ आली की मग सगळं माझ्याच हातून पडतं."

त्याने रेडिओचा आवाज वाढवला. हा त्याचा नेहमीचा उपाय आहे आणि मी त्याचा मनापासून तिरस्कार करते.

तो राग कुठे खर्च करायचा हे मला ठाऊक होतं. मी पुण्याहून तांब्याचा चाचणीसंच मागवला. दादाचं म्हणणं होतं, पुढच्या खेपेला तू येऊ नकोस, साहेबांचं मन थोडं निवू दे. मी म्हटलं, मग पाणीही तूच मोज. त्याने गाडीची किल्ली काढली.

त्या रविवारी टाकीच्या पाण्याने माझ्या नळीत निळा रंग धरला. फिका नव्हे, ठसठशीत. तांबं होतं. मला आनंद झाला असं लिहिलं तर ते क्रूर वाटेल, पण झाला. आता फक्त वाट शोधायची होती. मी मागच्या खोलीत गेले. कॅनची तोटी अडकली होती, फिरेना. आजवर मी नमुना नेहमी तोटीतून घेतला होता, त्या दिवशी प्रथमच वरचं सैल झाकण उघडलं.

आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या.

मी झाकण हातात धरून उभी राहिले. रोज उपसलं आणि रोज भरलं जातं त्या पाण्यात अळ्या होत नाहीत. हे पाणी साचलेलं होतं. या कॅनमधून कित्येक दिवसांत कुणी तांब्याभर पाणीही घेतलेलं नव्हतं. म्हणजे मी दर आठवड्याला अत्यंत काटेकोरपणे तपासत होते ते पाणी टाकीत जातच नव्हतं. मग रेघेपर्यंत रोज चढत होतं ते कुठलं?

मी मावशींना हाक मारली. "मावशी, टाकीत रोजचं पाणी कुठलं घालता?"

"ह्यातलं की." त्यांनी प्रतीक्षालयाच्या दाराशी बोट दाखवलं. "पाणपोईतलं. हंड्यातलं."

तिथे उन्हाळ्याची पाणपोई होती. लाकडी तिवईवर तोटी बसवलेला भलामोठा तांब्याचा हंडा, गळ्यात झेंडूची माळ, शेजारी साखळीला बांधलेला पेला. उन्हाळा लागला तेव्हापासून मी तो दर खेपेला बघत होते. आमच्याकडे चैत्रात पाणपोई लागते, त्यात बघण्यासारखं काय असतं?

"कॅनमधलं का घेत नाही?"

"साहेबच म्हणले, पलास्टिकमधलं पाणी चांगलं नसतं. लेकरायला तांब्याचं देतो, तं माशायला बी तेच देत जा. फिल्टरची नळी बी हंड्यातच सोडली तवापासनं."

"मी तुम्हाला विचारलं होतं ना, टाकीत काही टाकलं का म्हणून?"

मावशी माझ्याकडे खुळ्यासारख्या बघत राहिल्या. "टाकलं कुठं ताई? पाणीच तं वतलं."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्यावर मी रागावले नाही. तांब्याच्या हंड्यातलं पाणी हे त्यांच्या लेखी पाण्यापेक्षा अधिक पाणी होतं. त्यात काही मिसळलेलं असेल हे त्यांच्या मनात येण्याचं कारण नव्हतं. मी हंड्याच्या तळाकडे वाकून बघितलं. आतून बाहेरून आरशासारखा. "किती लख्ख ठेवलाय," माझ्या तोंडून निघालं.

"रोज घासते की. चिंच अन् मीठ. आतून बी," मावशी खुलून म्हणाल्या.

चिंच आणि मीठ. हंड्यावर काळसर थर चढू दिला असता तर त्या थराने धातूला काही प्रमाणात आवर घातला असता. तो रोज सकाळी आंबटाने काढला जात होता आणि उघड्या तांब्यावर फिल्टरचं कोरं पाणी रात्रभर उभं राहत होतं. कोऱ्या पाण्यात स्वतःचं काही नसतं, म्हणून ते भेटेल ते ओढून घेतं. मी जितकं शुद्ध पाणी मागितलं होतं तितकं ते अधिक तांबं आणत होतं. मग टाकीतलं पाणी उन्हाने उडत होतं आणि तांबं, मिठासारखंच, मागे राहत होतं. रोज थोडं. रेघ न चुकवता.

मी तीन नळ्या भरल्या : टाकीची, कॅनची, हंड्याची. डॉक्टर आत मोकळे होते. दादा माझ्या मागोमाग आला, कारण मला एकटीला जाऊ द्यायची त्याला भीती वाटली असावी.

नळ्यांमागे पांढरा कागद धरून मी सगळं क्रमाने सांगितलं. कॅनची नळी रंगहीन होती, टाकीची निळी, हंड्याची त्याहून निळी. डॉक्टरांनी या वेळी पाहिलं. ते शिकलेले गृहस्थ आहेत, आणि निळा रंग निळाच असतो.

"म्हणजे तांब्याचं पाणी विष हाय, असं म्हणायलात तुम्ही?"

"समुद्रफुलाला विष आहे. माणसाला थोडं तांबं लागतंच. किती चालतं याची मर्यादाही ठरलेली आहे."

"लागतं ना? मग झालं." ते दादाकडे वळले. पूर्ण संभाषणभर ते असेच दादाकडे वळत होते, जणू मी नळ्या धरण्यासाठी आणलेला लाकडी स्टँड होते. "दादा, बहीण हुशार हाय तुमची. मान्य. समुद्रफूल दुसरं आणा, भर कॅनमधलीच घालू. अन् खोलीचं मी विसरलो न्हाई. शब्द दिलाय. पुढच्या महिन्यात रंग देऊन घेतो."

दादाचा चेहरा उजळला. तो माझ्याकडे बघून मान हलवू लागला, झालं ना, अशा अर्थाने. दोन वाक्यांत मला माझी खोली मिळाली होती. गेल्या रविवारचं वाक्य मात्र कुणी परत घेतलं नव्हतं. ते त्या खोलीत तसंच पडून होतं आणि त्याला पाय लागू नये म्हणून दोघेही बाजूने चालत होते.

मी म्हणाले, "साहेब, लॅब सुरू झाली की पहिला नमुना या हंड्याचा घेऊ. बाहेर आया त्यातून बाटल्या भरतात, लहान मुलांची औषधं त्यात कालवतात. मर्यादेत असेलही. मला माहीत नाही, म्हणूनच मोजायचं. आणि तोवर आतून चिंच लावणं थांबवायला सांगा."

डॉक्टरांचा हात टेबलावरच्या स्टेथोस्कोपवर थांबला.

"आतलं पाणी सोडा, ताई. बाहेरचं आणा लागंल तेवढं. बोअर आणा, शेततळी आणा."

"का?"

"का म्हणजे? आईच्या नावानं बसवलाय तो हंडा. गेल्या साली गेली ती. आयुष्यभर तांब्याचं पाणी प्यायली अन् नव्वदीपर्यंत चालती-फिरती होती. तिच्या नावाच्या पाण्याला तुमचा रिपोर्ट चिकटवायचा न्हाई मला."

मला त्यांचं दुःख दिसलं. मी आंधळी नाही. पण बाहेर एक बाई कडेवरच्या तान्ह्याला सावरत हंड्याची तोटी सोडत होती, आणि तेही दिसत होतं. स्वतःच्या आईचं दुःख खरं असलं म्हणून दुसऱ्याच्या आईने न मोजलेलं पाणी घ्यावं, हे मला कुणी कुठल्या तर्काने पटवून देणार होतं? आणि तेही अशा माणसाने, जो रोज दुसऱ्यांच्या मुलांचं रक्त तपासून घेतल्याशिवाय औषध लिहीत नाही?

"हे तुम्ही रक्ताच्या तपासणीबद्दल म्हणाल का, साहेब?" मी विचारलं.

"अगं ए," दादा पुटपुटला.

"लई लांबवायली तुमची बहीण," डॉक्टर दादाला म्हणाले.

"मी इथेच आहे, साहेब. मला सांगा. ज्या खोलीत कोणतं पाणी तपासायचं नाही हे आधीच ठरलंय, ती लॅब होत नाही. ती कोठी होते. कोठी मला नको."

मग डॉक्टर खुर्ची मागे सरकवून उभे राहिले. "मग टाकी बी नको. काढून न्या सगळं."

आम्ही काढलं. तांबं मुरलेल्या खडकांत आता समुद्रफूल पुन्हा धरणार नव्हतं, ते मी तिथेच ठेवले. गोळा झालेलं समुद्रफूल पिशवीत बांधलं. नांदेडहून पालटासाठी आणलेलं खारं पाणी बादलीत ओतून दोन्ही क्लाऊनफिश त्यात सोडले, बॅटरीचा हवेचा पंप लावला. हंड्याकडची बाई तान्ह्याला मासे दाखवायला जवळ आली होती. "नेयलाव का? पुन्हा कधी आणताव?" तिने विचारलं. मी तिला फक्त सांगितलं की बाळाचं पाणी घरून उकळून आणलं तर बरं. तिने मान डोलावली आणि हंड्यातून भरलेल्या बाटलीचं झाकण लावलं.

गाडीत दादा फुटला. "खोली चालत आली व्हती. चालत! तू पायानं ढकलली. आता बस नांदेडात माशाच्या पेटीवर बोअरचं पाणी तपासत."

"बसेन."

"एवढा ताठा कुठनं आणलास? मी सगळं जुळवून आणलं व्हतं."

"तू काय जुळवलंस? तू माझी चूक कबूल केलीस. जी झाली नव्हती."

"पुन्हा तेच! आता तं कळलं ना त्यान्ला, तुझी चूक नव्हती मनून?"

"कळलं. पण कुणी म्हटलं का?"

अहमदपूरला तो चहासाठी थांबला. आम्ही नेहमी तिथेच थांबतो. चहा झाला, तो गाडीकडे निघाला. मी बाकावरून उठले नाही.

"चल."

"आधी फोन कर."

"कुणाला?"

"डॉक्टरांना. डोस चुकला नव्हता, हे सांग. मी सांगून उपयोग नाही. माझ्याकडून ते ऐकतच नाहीत. तू बोललास, तू परत घे."

"येडी झालीस का? टाकी गेली, खोली गेली, आता कशाला?"

"म्हणूनच. आता त्यांच्याकडून आपल्याला काहीच मिळायचं नाही. आता तरी खरं बोलायला काय हरकत आहे?"

तो हसला, चिडला, इकडेतिकडे बघू लागला. चहावाला भांडी विसळता विसळता आमच्याकडे कान लावून होता. "करा की दादा फोन," तो म्हणाला, "ताई काय उठत न्हाईत बगा."

दादाने फोन लावला. माझ्याकडे पाठ करून, खांदे आखडून, तो बोलला. "साहेब, ते... मागच्या टायमाला मी डोसचं बोललो व्हतो. तसं काय नव्हतं. बहिणीचं बरोबर व्हतं. मी उगंच बोललो." पलीकडून बहुधा जाऊ द्या हो, असं काहीतरी आलं असावं, कारण तो "न्हाई, न्हाई, तसं न्हाई साहेब, सांगायचं राहिलं मनून," म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. त्याचे कान लाल झाले होते.

"झालं समाधान?"

"नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. राग जसाच्या तसा होता. फक्त आता त्याला कुणाकडून काही परत घ्यायचं उरलं नव्हतं.

मी गाडीचं मागचं दार उघडलं. सीटवरच्या बादलीत पंप गुरगुरत होता आणि दोन्ही मासे तळाशी एकमेकांना चिकटून होते. मी तापमापी बुडवली, थांबले, वाचली.

"दादा, चल लवकर. पाणी तापायलंय."

तो गाडीत बसला आणि या वेळी रेडिओ न लावता निघाला.